सकाळी आठची नोंद

उलकाननं अठ्ठावन्नाव्या वर्षी संगणकावरचं लिनक्स शिकायला घेतलं तेव्हा कोक-जार गावात तिची बरीच थट्टा झाली. दुकानदारीण म्हणाली, "आता काय बाई, विमान उडवायचंय?" उलकान म्हणाली, "नाही, वह्या उतरवायच्यात," आणि चहाची पुडी पिशवीत टाकून घरी आली.

वह्या तिच्या नवऱ्याच्या होत्या. तोलोमुश सव्वीस वर्षं नारिन नदीची पातळी मोजायचा. गावाखाली, झुलत्या पुलाला लागून, आकडे रंगवलेली लोखंडी पट्टी पाण्यात उभी होती आणि काठावर एक पत्र्याची खोली. रोज सकाळी आठला तो खाली असायचा. पाणी बघायचा, हवेचं तापमान बघायचा, वहीत लिहायचा आणि आठ वाजून पाच मिनिटांनी चढण चढायला लागायचा. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात, वरचं बर्फ वितळून नदी फुगली होती तेव्हा, तो असाच उतरला आणि परत आला नाही. खोलीत वही उघडी सापडली. तारीख लिहिलेली होती, वेळ लिहिलेली होती, पातळीचा रकाना कोरा होता. देह मिळाला नाही.

पुढे जलखात्यानं ती मोजणीच बंद केली. खोलीला कुलूप लागलं आणि वह्यांचा गठ्ठा उलकानच्या घरी आला. त्यांना ओल लागली होती. पानं एकमेकांना चिकटायला लागली होती आणि जांभळी शाई पसरत चालली होती. अजून दोन हिवाळे गेले असते तर त्यातलं काही वाचता आलं नसतं.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत शनिवारी एर्निस शिकवायचा. चाळिशीचा माणूस, बारा वर्षं रशियात संगणक दुरुस्त करून गावी परतलेला. गावातल्या सगळ्यांसारखा तोही उलकानला मोठ्या बहिणीच्या मानानं 'एजे' म्हणायचा. त्यानंच तिला एक जुना लॅपटॉप दिला.

"एजे, ह्याच्यावर दुसरं काही चालायचं नाही. लिनक्स तेवढं चालतं. म्हाताऱ्या यंत्रांवर त्याचा जीव आहे."

"आणि म्हाताऱ्या बायकांवर?"

"ते बघू."

पहिला शनिवार नोंदी साठवायचा डेटाबेस यंत्रात बसवण्यात गेला. काळ्या पडद्यावर एका बोटानं एकेक अक्षर शोधत तिनं हुकूम लिहिला. पांढऱ्या ओळी भराभर वर सरकल्या आणि थांबल्या. "झालं?" तिनं विचारलं. एर्निस हसला. "बसवलं म्हणजे उठलं असं नाही एजे. त्याला जागं करायचं असतं." दुसऱ्या शनिवारी त्याला जागं केलं, तर ते तिला आत घेईना. "तुम्ही कोण, हे त्याला ठाऊक नाही. आधी तुमच्या नावाची ओळख तयार करायची, पासवर्ड द्यायचा, मग दार उघडेल." तिसऱ्या शनिवारी दार उघडलं, पण ती काहीही विचारो, उत्तर येईना.

"अर्धविराम एजे, अर्धविराम! तुम्ही वाक्य संपवलंच नाही. ते बिचारं तुमचं तोंड बघत बसलंय."

मागच्या बाकावरच्या दोघी फिदीफिदी हसल्या. उलकाननं अर्धविराम दिला आणि तिच्या आयुष्यातला पहिला तक्ता तयार झाला. तारीख, वेळ, पातळी, तापमान, शेरा.

शेवटच्या नोंदीचं काय करायचं, हे तिनं आधीच विचारून घेतलं. पातळी नाही, तर तिथं शून्य लिहायचं का?

एर्निसनं मान हलवली. या वेळी तो हसला नाही. "शून्य म्हणजे मोजलं आणि शून्य भरलं. मोजलंच नसेल तर कोरं सोडायचं. डेटाबेसला त्यातला फरक कळतो."

"मग कोरं सोडते," उलकान म्हणाली.

तो सगळा हिवाळा ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून होती. सकाळी गाईचं आटपायचं, सासूला चहा-पाव द्यायचा, आणि मग वही उघडायची. सासू शारिपा, गावाची 'एने' म्हणजे आई, पंच्याऐंशीची. डोळे जवळजवळ गेलेले, कान शाबूत. ती चुलीजवळ बसून लोकर पिंजायची आणि कळांची टकटक ऐकायची.

"कुठवर आलीस गं?"

"अकराव्या वर्षावर, एने."

"लिही, लिही. आला की त्याला आयतं मिळेल."

उलकान पान उलटायची.

तोलोमुशचे शेरे अगदी कोरडे. 'पाणी गढूळ.' 'काठाला बर्फ.' 'पट्टी हलते, खात्याला कळवलं.' घरादाराचा, बायकोचा त्यात कुठं उल्लेख नाही. असायचं कारणही नव्हतं. पण एका सप्टेंबरातल्या नोंदीपुढे होतं, 'सात मिनिटं उशीर. कारण घरगुती.' उलकाननं तारीख बघितली. त्यांची मुलगी झाली तो दिवस. ती ओळ टाइप करताना तिला हसू आलं, आणि हसता हसता तिनं रुमालाच्या टोकाऐवजी टेबलावरचं फडकंच डोळ्यांना लावलं.

ती मुलगी आता मॉस्कोत होती. दर रविवारी तिचा फोन यायचा. "आई, तीन वर्षं होत आली. कोर्टात अर्ज दे ना. बाबा कागदावर अजून जिवंत आहेत, घराचं काहीच करता येत नाही. आणि तू... तू तरी किती दिवस अशी राहणार?" मार्चमध्ये उलकाननं अर्ज दिला. तारीख मिळाली एकोणतीस एप्रिलची. त्या दिवसापासून सासू तिच्याशी कामापुरतंच बोलायला लागली.

नऊ एप्रिलला शेवटची वही संपली. शेवटच्या नोंदीतला पातळीचा रकाना तिनं कोरा सोडला. मग एर्निसनं शिकवलं होतं तसं तिनं विचारलं, एकूण ओळी किती? उत्तर आलं, ९४१२. वह्यांच्या पुठ्ठ्यांवर तिनं पेन्सिलीनं मांडलेली बेरीजही तेवढीच होती. सगळं उतरलं होतं.

दुसऱ्या दिवशी एर्निससाठी प्रत काढून ठेवावी म्हणून तिनं पुन्हा मोजणी केली. ९४१३.

हातून एखादी ओळ दोनदा गेली असेल, असं तिला वाटलं. तिनं शेवटची ओळ मागवली.

१० एप्रिल. ०८:००. पातळी ११८. तापमान २. शेरा नाही.

तिनं भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिलं. दहा एप्रिल, आजच. सव्वानऊ झाले होते. ती कोट चढवून खाली गेली. कुलूप गंजलेलं, खिडकीला आतून जळमटं. पुलावर उभं राहून तिनं पट्टी बघितली. पाणी एकशे अठराच्या रेघेला लागून वाहत होतं.

अकरा तारखेला एक ओळ वाढली. बारा तारखेला आणखी एक.

शुक्रवारी तिनं एर्निसला घरी बोलावलं. त्यानं आधी चेष्टाच केली. "एजे, झोपेत टाइप करता का?" मग त्यानं पासवर्ड बदलला. लॅपटॉपला इंटरनेट नव्हतंच, तरी त्याची सोयच काढून टाकली. तेवढ्यानं समाधान होईना म्हणून यंत्र काखोटीला मारून घेऊन गेला. सोमवारी दुपारी परत आला तेव्हा दारातच उभा राहिला.

"काय झालं?"

"बॅटरी काढून कपाटात ठेवलं होतं. दोन्ही दिवस. आज सकाळी दहा वाजता चालू केलं." त्यानं लॅपटॉप टेबलावर अलगद ठेवला. "तीन नव्या ओळी आहेत."

चुलीशी शारिपा एनेचे हात थांबले होते.

"उडवू का त्या?" एर्निसनं हळूच विचारलं. "एका हुकुमाचं काम आहे."

"नको."

"एजे, हे मला येत नाही. जेवढं येत होतं तेवढं मी केलं." त्यानं चहासुद्धा घेतला नाही. त्यानंतरच्या शनिवारी तो वर्गात तिच्या बाकाकडे एकदाही आला नाही.

सतरा तारखेला पावणेआठ वाजता उलकान खाली जाऊन काठावर उभी राहिली. थंडी होती. पाण्यावरून धूर निघावा तशी वाफ निघत होती. आठ वाजले. पुलावर कोणी नव्हतं, खोलीशी कोणी नव्हतं. सव्वाआठपर्यंत थांबून ती वर आली आणि यंत्र उघडलं.

१७ एप्रिल. ०८:००. पातळी १२४. तापमान १. शेरा: काठावर एक बाई उभी आहे. ओळखीची नाही.

तिनं ते कितीतरी वेळ वाचलं. एवढीच ओळ, पण नजर हलेना.

दुसऱ्या दिवशी ती डोक्याला निळा रुमाल बांधून गेली. तो तोलोमुशनंच शहरातल्या ओश बाजारातून आणला होता. शेरा आला: 'तीच बाई. निळा रुमाल.' तिसऱ्या दिवशी तिनं हाक मारली. नवऱ्याला नावानं हाक मारायची तिला कधी सवय नव्हती. तरी तिनं पाण्याकडे तोंड करून मोठ्यानं म्हटलं, "तोलोमुश! अहो, मी आहे!" पलीकडच्या काठावरच्या मेंढ्यांनी माना वर केल्या. बाकी नदीचा आवाज.

शेरा: 'बाई काहीतरी म्हणाली. पाण्यामुळे ऐकू आलं नाही.'

आठवडा असाच गेला. ती रोज जायची, रोज एक वाक्य मिळायचं. 'बाई थांबली.' 'बाईच्या पायात चांगले बूट नाहीत.' एवढं सगळं बघणारा माणूस तिचा चेहरा मात्र बघत नव्हता.

चोवीस तारखेला तिनं ठरवलं. बोललेलं ऐकू जात नाही, लिहिलेलं तरी जाईल. तिनं तक्त्यात स्वतःची ओळ घातली. तारीख, वेळ, पातळी कोरी, तापमान कोरं. शेऱ्यात लिहिलं, 'ती बाई म्हणजे मी. उलकान. तुमची बायको. घरी या.' अर्धविराम दिला. ओळ गेली.

पंचवीसच्या सकाळी तिची ओळ तिथं नव्हती.

शेरा: 'एक नोंद माझ्या हातची नव्हती. खोडली.'

उलकाननं झाकण मिटलं. त्या दिवशी तिनं गाईचं दूध काढलं, पाव भाजले, सासूचे केस विंचरले. संध्याकाळी अंगणात उभी असताना तिला एकदम इतकं थकल्यासारखं वाटलं, की ती तिथल्या ओंडक्यावर बसूनच राहिली. मेलेल्याची वाट बघता येते, हरवलेल्याची बघता येते. आपल्याला ओळखत नाही त्याची किती बघायची?

पुढचे तीन दिवस ती सवयीनं काठावर गेली, पण हाक मारली नाही.

एकोणतीसला सातच्या गाडीनं ती जिल्ह्याच्या गावी गेली. निघताना सासूनं तोंड फिरवलं. कोर्टात फार वेळ लागला नाही. न्यायाधीश बाईनं चष्म्यावरून तिच्याकडे पाहून विचारलं, "या तीन वर्षांत तुमच्या पतीकडून काही निरोप, पत्र, खूण?"  उलकान म्हणाली, "माझ्यासाठी नाही." बाईनं ते 'नाही' असंच लिहून घेतलं. साडेअकराला सही झाली.

ती घरी पोचली तेव्हा तीन वाजले होते. उन्हं छान पडली होती. शारिपा एने दाराजवळच्या जाजमावर पाय सोडून बसली होती. उलकाननं रुमाल सोडला, हात धुतले आणि सवयीनं यंत्र उघडलं.

२९ एप्रिल. ०८:००. पातळी १३९. तापमान ६. शेरा: बाई आज आली नाही. वर जाऊन बघतो.

नळ नीट बंद झाला नव्हता. थेंबांचा आवाज येत होता.

"एने," उलकान म्हणाली, "सकाळी कोणी आलं होतं?"

"आला होता की एक जण. तू गेल्यावर, तासाभरानं."

"कोण?"

"मला दिसतंय कुठं? दारातच उभा राहिला. ये बाबा, चहा घे म्हटलं, तर आत येईना. म्हणाला, इथली बाई बरी आहे ना? रोज येते, आज आली नाही."

"आवाज... आवाज कसा होता?"

"सर्दी झाल्यासारखा. ओळखीचा नव्हता." म्हातारी फणकाऱ्यानं पुढे म्हणाली, "म्हटलं, तिला काय धाड भरलीय! माझा तोलोमुश मेला असं लिहून द्यायला गेलीय कोर्टात. सगळ्या जगाला सांगणार आहे मी, त्याला काय!"

उलकान हळूच तिच्याजवळ खाली बसली.

"मग? मग काय म्हणाला?"

"काहीच नाही. बराच वेळ बोललाच नाही. मला वाटलं गेला." शारिपा एनेनं मान तिरकी केली. तिच्या पांढऱ्या पडलेल्या डोळ्यांवर ऊन पडलं होतं. "मग म्हणाला, असं होय. मला कुणी सांगितलंच नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला उलकान काठावर होती. पाणी एकशे एक्केचाळीस होतं. घरी येऊन तिनं ओळी मोजल्या.

९४३२. कालच्याइतक्याच.