दगडवाली मॅडम

“भैया, फोटो मेरा है,” हर्षाली चौथ्यांदा म्हणाली, “लेकिन खोज मेरी नहीं है!”

काउंटरपलीकडच्या माणसाने पेपरचं पान पुन्हा एकदा सरळ केलं. फोटोकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. “फोटो तो अच्छा आया है, मैडम.”

हर्षाली बारबोलेने डोळे मिटून घेतले. मे महिन्यातली सकाळ. जयपूरच्या सी-स्कीम भागातल्या त्या वर्तमानपत्राच्या कचेरीतला कूलर थंड कमी आणि आवाज जास्त करत होता, आणि बाहेर थांबवलेला ऑटोवाला दर अर्ध्या मिनिटाला हॉर्न वाजवत होता.

बार्शीहून जयपूरला येऊन तिला तीन वर्षं झाली होती. मेडिकल कॉलेजच्या प्रयोगशाळेत या तीन वर्षांत ती एकाच प्रश्नामागे लागली होती. मधुमेह असलेल्या माणसाच्या पायाची जखम भरणार की चिघळणार, हे आधीच कसं ओळखायचं? शेवटी जखमेतून पाझरणाऱ्या पाण्यात तिला एक प्रथिन सापडलं. सातव्या दिवशीही ते कमी झालं नसेल, तर नुसत्या मलमपट्टीने ती जखम भरत नाही. एवढंच. पण तेवढं वेळेत कळलं, तर डॉक्टरांना पुढची हालचाल करता येते. निबंध परदेशी नियतकालिकात छापून आला, आणि आज इथल्या पेपरात तिचा हसरा फोटो होता. वर मथळा, ‘आसमानी पत्थर में मिला पानी’.

“मेल्यांनो, छापण्याआधी निदान एकदा वाचायचं तरी!” ती पुटपुटली.

“एक मिनिट... तुम्ही मराठी?”

तिने वळून पाहिलं. उंच, हेल्मेटने केस चपटे झालेला एक तरुण. हातात तेच पान.

“इकडे बघा,” त्याने पानाच्या दुसऱ्या बाजूला बोट ठेवलं. “ती माझी फोटो आहे. तुमच्या जखमेवर.”

खरंच होतं. ‘अब हर घाव भरेगा सात दिन में!’ आणि त्याखाली हा, भिंगातून काहीतरी बघताना.

“भरेल असं मी कुठं म्हटलंय!” हर्षाली जवळजवळ ओरडलीच. “आणि फोटो ‘तो’ असतो. तो फोटो.”

“अच्छा. तो फोटो. मी निलय शेलार, युनिव्हर्सिटीत आहे. मतलब... ती आसमानवाली दगड माझी.”

“दगडसुद्धा ‘तो’.”

“सगळेच ‘तो’?” तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला. “मग मराठीत ‘ती’ कोण असते?”

असं म्हणून तो तिच्याकडे इतकं सरळ बघत राहिला, की तिने घाईघाईने तोंड फिरवून काउंटर वाजवला.

दुरुस्ती छापून आली तिसऱ्या दिवशी. अकराव्या पानावर चार ओळी, पाण्याच्या पंपांच्या जाहिरातीखाली. त्यातही नाव ‘हर्षद बारबोले’.

ती कुणी वाचली नाही. पहिली बातमी मात्र सगळ्यांनी वाचली होती, आणि तिच्यात दोघांचे मोबाइल नंबरही छापले होते. अर्थातच उलटेपालटे.

मग जे सुरू झालं, त्याने हर्षालीला वेड लागायची पाळी आली. लोक रुमालात दगड बांधून प्रयोगशाळेत येऊ लागले. कुणाला तो शेतात मिळाला होता, कुणाला गच्चीवर. एका काकूंनी तर मसाला वाटायचा वरवंटाच आणला, सासऱ्यांच्या काळात आकाशातून पडला म्हणून. घरमालकीण जिन्यात अडवून शनी कुठल्या घरात आहे ते विचारू लागली. आणि कहर म्हणजे बार्शीहून आईचा फोन.

“अगं, दगडातनं पाणी काढलंस म्हणं तू! मामानं व्हॉट्सॅपवर पाठवलंय. मग आपल्या रानात बोअर कुठं मारायची ते सांग की!”

“आई, ते मी नाही काढलं. आणि ते पाणी अवकाशातलं आहे.”

“असू दे की कुठलं का असंना. तुझे बाबा विचारतायत.”

दर शुक्रवारी संध्याकाळी निलय स्कूटरवरून दगड न्यायला येई. त्याचे वडील सुभेदार म्हणून इथूनच निवृत्त झाले आणि खातीपुऱ्यात घर बांधून राहिले. त्यामुळे मूळ गाव साताऱ्याकडचं असलं, तरी निलयचं मराठी घरातल्या जेवणापुरतं. ‘वाढ’, ‘पुरे’, ‘भात नको’ अगदी चोख. त्यापुढे मात्र सगळी घसरगुंडी.

“दगडवाली मॅडम, आज किती?” तो दारातून विचारी.

“सत्तावीस. आणि एक फरशीचा तुकडा. आणि मला त्या नावाने हाक मारू नका!”

“मग काय म्हणू? नाव तर ‘हर्षाली’ आहे, पण हर्ष तर मी आजपर्यंत पाहिली नाही.”

“पाहिला!”

“तुम्ही पाहिला? मला पण दाखवा ना कधी...”

याला काय उत्तर द्यायचं, ते तिला शुक्रवारी रात्री अंथरुणात सुचे. म्हणजे उपयोग शून्य.

एकदा तो म्हणाला, “इतके दगड सांभाळलेत, निदान खरा तर बघून जा.” ती त्याच्या प्रयोगशाळेत गेली. फक्त तो विषय संपवायला, असं स्वतःला बजावून. नागौरकडे बाजरीच्या शेतात पडलेला तो दगड मुठीएवढाही नव्हता. निलयने त्यातला मिठाचा एक कण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला.

“हळू बघा. बबल दिसते?”

दिसला. मिठाच्या कणाच्या पोटात पाण्याचा थेंब, आणि थेंबात एक इवलासा बुडबुडा. तो हलत होता. थरथरत, इकडून तिकडे.

“हे पाणी पृथ्वीपेक्षा जुनं असेल,” निलय तिच्या कानाशी हळूच म्हणाला. या वेळी त्याचं व्याकरण चुकलं नाही. “तेव्हापासून आत बंद आहे. बाहेर काय काय झालं... त्याला काहीच खबर नाही.”

हर्षाली किती वेळ वाकून बघत होती, तिचं तिलाच कळलं नाही. मान वर केली तर त्याचा चेहरा अगदी जवळ, आणि तो दगडाकडे बघतच नव्हता. तिच्या छातीत धडधडलं. स्वतःच्या हृदयावर ती मनापासून वैतागली. काय हे! ही काय वेळ आहे?

पण त्याच आठवड्यात त्यांचं कडाक्याचं भांडण झालं.

निलयच्या फोनवर दिवसभर रुग्णांचे फोन येत. तो सगळ्यांना एकच सांगे, “मैडम देख लेंगी, सब ठीक हो जाएगा.” सोमवारी दौशाहून एक म्हातारा-म्हातारी बस बदलत बदलत प्रयोगशाळेच्या दाराशी आली. औषध घ्यायला. औषध नव्हतंच. हर्षालीने त्यांना सर्जनकडे नेलं, पण म्हातारीचा पडलेला चेहरा काही तिच्या डोळ्यांपुढून जाईना.

“कुणी सांगितलं होतं सगळं ठीक होईल म्हणून?” निलय आल्या आल्या ती कडाडली. “माझी ती फक्त चाचणी आहे. अजून अभ्यास चालू आहे तिचा. तिने जखम भरत नाही, भरेल की नाही ते कळतं फक्त! तुमचा दगड चुकला तर निबंध बदलेल. माझ्याकडे आलेल्या माणसाचा पाय जातो, निलय!”

त्याने हातातलं हेल्मेट परत डोक्यावर चढवलं. दगडांची पिशवी उचलून निघून गेला. तो गेल्यावर ती बसली ती बसलीच... जरा जास्तच बोललो का आपण? मग स्वतःवर चिडली, मग त्याच्यावर, मग कूलरवर.

चौथ्या दिवशी त्याचा फोन आला. “मी कागदावर लिहून घेतलंय. हर फोनवर तेच वाचतो. ‘यह दवा नहीं है, जाँच है, पहले डॉक्टर को दिखाइए.’ बरोबर आहे ना?”

“बरोबर आहे,” ती म्हणाली. आवाज जरा मऊच निघाला तिचा.

“एक काम होतं. सांगानेरमध्ये एक रामअवतारजी आहेत. छपाईवाले. रोज फोन करतात, पायाला जखम आहे, पण हॉस्पिटलमध्ये येत नाहीत. पाय कापतील म्हणतात. माझं ऐकत नाहीत, कारण मी सगळं गोड बोलतो. तुम्ही... मतलब... तुम्ही रागवाल का त्यांच्यावर?”

तिला हसू फुटलं. फोनवर होती म्हणून बरं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं स्कूटरवरून सांगानेरला गेली. लांबलचक टेबलावर पांढरं कापड पसरलेलं, हवेत रंगाचा आंबूस वास, आणि साठीचे रामअवतारजी एका पायावर भार देऊन लाकडी ठसा मारत उभे. दुसऱ्या पायाला जुन्या ओढणीची पट्टी. हर्षालीने ती सोडवली. अंगठ्याशेजारचं बोट काळवंडलेलं होतं.

“आपका सात दिन वाला इलाज...” म्हातारा आशेने म्हणाला.

“बाबा, तसा इलाज माझ्याकडे नाही,” ती आपल्या मोडक्या हिंदीत, पण ठामपणे म्हणाली. “पेपरने खोटं लिहिलं. मी एवढंच सांगू शकते, की घाव नुसत्या पट्टीने भरेल की डॉक्टरांना अजून काही करावं लागेल. कदाचित बोट जाईल. पण असेच उभे राहिलात, तर पाय जाईल.”

रामअवतारजींनी ठसा खाली ठेवला. “पहली बार किसी ने सीधी बात की है,” ते म्हणाले.

परतताना आंधी आली. आभाळ बघता बघता पिवळं झालं, आणि वाळूचा असा लोट उठला की निलयने स्कूटर एका बंद दुकानाच्या पत्र्याखाली घेतली. हर्षालीच्या डोळ्यांत, केसांत, दातांखालीसुद्धा वाळू.

“वैताग आहे नुसता हे शहर!”

“थांबा... डोळा चोळू नका.” त्याने खिशातला रुमाल तिच्यापुढे धरला. मग न राहवून स्वतःच तिच्या पापणीच्या कडेची वाळू हलकेच टिपली. पत्रा तेवढा खडखडत होता.

“तुम्ही रागवता ना,” तो म्हणाला, “तेव्हा मला फार सेफ वाटतं. मतलब... ही बाई खोटं बोलणार नाही, असं.”

तिने नुसतीच मान डोलावली. वाळू होती ना तोंडात.

रामअवतारजी दाखल झाले. हर्षालीच्या अभ्यासात यायला त्यांनी सही केली. सातव्या दिवशी चाचणीने सांगितलं, भरणार नाही. सर्जनांनी वाट पाहिली नाही. तपासात मांडीतली रक्तवाहिनी तुंबलेली निघाली, ती मोकळी केली. काळं पडलेलं बोट गेलं. पाऊल राहिलं. पंधरा दिवसांनी जखमेच्या कडेला गुलाबी कातडी धरलेली पाहून हर्षाली वॉर्डातच उभ्या उभ्या रडली.

“अब रोने का क्या,” रामअवतारजी हसले. “निलय साहब भी कल यहीं बैठे थे, ऐसे ही. बोले, मैडम को देखने का मन करेगा वहाँ.”

“कहाँ?”

“जापान. पंद्रह तारीख को जा रहे हैं ना, दो साल के लिए. आपको नहीं पता?”

नहीं पता! वॉर्डातल्या रुग्णाला माहीत, आणि हिला नाही. युनिव्हर्सिटीपर्यंतचा सगळा रस्ता ती ऑटोत धुमसत होती. निलय प्रयोगशाळेत खोक्यात कागद भरत होता.

“जपान?” ती दारातूनच म्हणाली.

त्याच्या हातातला गठ्ठा खाली पडला. “तिथे लघुग्रहावरून आणलेली माती आहे. तिच्यातही मीठ सापडलंय. मला बघायला बोलावलंय... मी सांगणार होतो.”

“कधी? विमानातून?”

“तुम्ही ‘जा’ म्हटलं असतं,” तो खाली बघत म्हणाला. “खरं बोलता तुम्ही. ‘एवढी चांगली संधी आहे, जा’ म्हटलं असतं. आणि मला ते तुमच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.”

“मग काय ऐकायचं होतं?”

तो खाली पडलेले कागद गोळा करू लागला. सदा बडबडणारा हा माणूस नेमका आत्ता गप्प!

हर्षालीचा संयम संपला. “अरे, कमाल आहे तुझी! दोन महिने माझं डोकं खाल्लंस, माझ्या टेबलाखाली अर्ध्या राजस्थानचे दगड साठवलेस, आणि एक वाक्य बोलता येत नाही? ठीक आहे, मीच बोलते. जायचंच आहे तुला. नाही म्हणालास तर मीच ढकलून देईन. पण मला तू आवडतोस, निलय. तुझ्या भयंकर मराठीसकट. आणि दोन वर्षं मला रोज तुझी आठवण येणार आहे, आणि त्याचा मला आत्तापासून प्रचंड राग येतोय!”

निलय बघतच राहिला.

“‘तू’ म्हणालीस,” तो कसंबसं म्हणाला.

“तेवढंच ऐकलंस?”

“नाही. सगळं ऐकलं.” तो खोकी ओलांडून तिच्यासमोर आला. “मला पण तू... मला तू खूप... थांब, हे चुकवायचं नाही. मला तू आवडते. आवडतेस. बरोबर?”

“बरोबर,” ती म्हणाली, आणि इतकी हसली, की त्याने तिचे दोन्ही हात धरले ते सोडलेच नाहीत.

पंधरा तारखेला विमानतळावर निलयची आई डब्यात काय काय भरलंय ते सांगत होती, वडील तिसऱ्यांदा पासपोर्ट तपासत होते. हर्षाली जरा बाजूला उभी होती. तो तिच्यापाशी आला. पाठीवर बॅग, डोळे लाल.

“ठीक आहे,” तो म्हणाला. “मी जातो मग.”

“अरे देवा!” ती कळवळलीच. “असं म्हणतात का कुणी? निघताना ‘जातो’ नाही म्हणत मराठीत.”

“मग काय म्हणतात?”

तिने त्याच्या शर्टाची कॉलर नीट केली. ती नीटच होती.

“‘येतो’ म्हणतात.”

तो क्षणभर गोंधळला. मग त्याला कळलं, आणि त्याचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

“येतो, हर्षाली.”

“हं,” ती म्हणाली. “ये.”