डब्यात भरलेला दुसरा नंबर

ही गोष्ट रचलेली नाही. रचता आली असती, तर मी तिचा शेवट वेगळा केला असता.

तेरा वर्षांपूर्वीचा शनिवार. दुपारचे साडेचार.

मी धरणाच्या ऑफिसात चौकीदार होतो. खाली नदीकाठच्या पंपघरात माझा मेहुणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. सगळे त्याला बारक्या म्हणत. धरणाचे दरवाजे उघडण्याआधी त्याच्याकडे भोंगा वाजायचा. तो सिग्नल आमच्या राऊटरमधून तारेवरून जायचा. राऊटर म्हणजे एक डबा. तार तुटली तर डब्याने स्वतःच टेलिफोन लावायचा, अशी सोय साहेबांनी केली होती. त्यात दोन नंबर भरले होते. पहिला पंपघराचा. तो नाही लागला तर माझ्या घरचा.

दर शनिवारी मुख्य तार काढून बघायचं, डबा फोन लावतो का. मग वहीत लिहायचं. फोन लावताना डबा भयंकर किंचाळायचा.

"दाजी, डब्याला घाबरता होय?" बारक्या हसायचा. "मग ताईसमोर कसे टिकता?"

मी चाळिशीत अक्षरं शिकलो. वहीत लिहायला मला फार आवडायचं.

त्या आठवड्यात मुलीचे दिवस भरले होते. घरी सारखं विचारता यावं म्हणून मी डब्याची टेलिफोनची वायर काढली आणि तिथे साधा फोन जोडला. शनिवारी सकाळी तपासणी न करताच लिहिलं... 'चालू आहे.'

दुपारी रस्ता खोदताना मुख्य तार तुटली. वरच्यांनी नेहमीसारखे दरवाजे उघडले.

खाली भोंगा वाजलाच नाही.

मी त्याच वेळी ऑफिसातून घरी फोन लावून बोलत होतो. नात झाली होती.

बारक्या दोन दिवसांनी सापडला.

साहेब चौकशीला यायच्या आत मी वायर जागेवर लावली. त्यांनी वही वाचली. माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"तुमची काही चूक नाही. डब्यानेच दगा दिला."

डबा भंगारखोलीत गेला.

पुढच्या शनिवारी साडेचारला घरचा फोन वाजला.

उचलला. पलीकडे... तीच किंचाळी.

धावत ऑफिसात गेलो. भंगारखोलीचं कुलूप काढलं. डबा कोपऱ्यात पडलेला. ना वीज, ना वायर.

हात लावला... गरम होता.

मग दर शनिवारी तेच. मी साडेचारला फोनपाशीच बसायचो, दुसऱ्या कुणी उचलू नये म्हणून.

एकदा अंघोळीला उशीर झाला. बाहेर आलो, तर फोन बायकोच्या कानाला.

ती दचकली नव्हती. शांतपणे ऐकत होती... खूप वेळ. मधूनच "हं" म्हणत होती. माहेरच्या माणसाशी बोलताना म्हणायची, तसं.

"कोण आहे गं?"

तिने फोन ठेवला. माझ्याकडे बघितलं.

"डोकं पुसा नीट," ती म्हणाली. "सर्दी होईल."

त्यानंतर तो फोन कधी आला नाही.

बारा वर्षं झाली. तिने काही विचारलं नाही. मी काही सांगितलं नाही.

फक्त शनिवारी साडेचार वाजले की ती हातातलं काम टाकून माझ्यासमोर येऊन बसते.

नुसती बसते.

पाच वाजले की उठून आत जाते.