ही कोणाला नाही म्हणत नाही

भूत रात्रीच येतं असं समजणाऱ्यांनी हे वाचू नका. यातलं सगळं भर दुपारी घडलंय. टळटळीत उन्हात, चारचौघांच्या देखत.

आणि यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. गोष्ट माझ्या सख्ख्या मामाची आहे. काही त्याने सांगितली, काही मी पाहिली.

जागा, न्यू ऑर्लिन्स. आमची ट्रेमेची जुनी वस्ती, चर्चमागची दफनभूमी.

वेळ, दुपारी पाऊण. ही वेळ लक्षात ठेवा.

मामाचं नाव अल्सीड. पिवळी छत्री उंच धरायची आणि पाहुण्यांचा घोळका मागे घेऊन पायी वस्ती दाखवायची, हे त्याने बावीस वर्षं केलं. गुलाम जिथे रविवारी ढोल वाजवायचे ते मैदान, मग संतांच्या तसबिरींमागे आपले आफ्रिकेचे देव लपवलेली घरं, मग चर्च, मग दफनभूमी. सगळी वूडूची, म्हणजे त्या देवांच्या जुन्या पंथाची वाट. जिभेला हाड नव्हतं मामाच्या. कोणी बाहुल्यांना सुया टोचण्याचं विचारलं की म्हणायचा, "बाई, आमच्या घरात फाटकं शिवायला सुया पुरत नव्हत्या, बाहुल्यांना कुठून टोचणार?"

लोक हसायचे. पण लोकांना नुसतं ऐकायचं नसतं, हात लावायचा असतो.

वूडूची राणी म्हणून गाजलेली एक बाई त्याच दफनभूमीत आहे. तिच्या कबरीला कठडा बसला, हात लावणं बंद झालं, तेव्हा मामाची पंचाईत झाली. पाहुणे हिरमुसून परत जायला लागले. मग एके दिवशी तो त्यांना आमच्याच घराण्याच्या कबरीपाशी घेऊन गेला.

आमच्याकडे खणलं की पाणी लागतं. म्हणून मेलेल्यांना जमिनीवरच, विटांच्या खोलीत ठेवतात. एका घराण्याची एक खोली. नवं माणूस आलं की जुन्याची हाडं मागे सरकवायची. पुढच्या भिंतीलाच आम्ही दार म्हणतो. आमच्या खोलीवरची नावाची फरशी कधीच फुटून गेली होती. मामाला तेच सोयीचं पडलं.

"हिचं नाव कोणी घेत नाही," तो आवाज खाली आणून म्हणाला. "तीनदा टकटक करा. मनातलं मागा."

सगळं त्याच्या डोक्यातून निघालेलं. ना कुठे लिहिलेलं, ना कोणी केलेलं.

माझ्या आईला कळलं तेव्हा ती संतापली. आई म्हणजे मामाची थोरली बहीण, झेलिया. ती वूडू खरोखर पाळणारी होती. सकाळच्या कॉफीचा पहिला घोट उंबऱ्यावर ओतायची, दार राखणाऱ्या देवासाठी. डाव्या पायाने अधू, सपाता ओढत चालायची. स्स्स... टप. स्स्स... टप. घरात ती कुठे आहे ते आवाजावरून कळायचं.

"आईबापाच्या दारावर परक्यांना टकटक करायला लावतोस?" ती म्हणाली. "अरे, मेलेल्या माणसाजवळ मागू नये. त्याला नाही म्हणता येत नाही."

"ताई, काय झकास बोललीस," मामा म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून ते वाक्य त्याच्या सांगण्यात आलं. टकटक झाली की छत्री टेकून म्हणायचा, "लाजू नका. ही कोणाला नाही म्हणत नाही."

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत आई गेली. त्याच खोलीत ठेवली.

मामाने महिनाभर ती कबर टाळली. पण तोवर लोकांनी चित्रफिती काढून जगभर पाठवल्या होत्या. पाहुणे येतानाच विचारायचे, टकटकवाली कुठाय? मामा म्हणाला, ताईला काय आता, ती सुटली. पुन्हा सुरू झालं.

रोज एक फेरी. रोज पंधरा-वीस माणसं. प्रत्येकाच्या तीन टकटका.

पहिल्यांदा गेली ती चव.

मागच्या वर्षीची मार्चमधली गोष्ट. सोमवार होता, म्हणजे घरोघर लाल घेवडा आणि भात. मामाने एक घास घेतला आणि चमचा खाली ठेवला.

"मीठ घातलं नाहीस?"

"बाबा, तुमची जीभ बोलून बोलून झिजलीय," नोएमी म्हणाली. नोएमी त्याची एकुलती एक पोरगी, वय बावीस. बायको मोठ्या वादळानंतर ह्यूस्टनला गेली ती गेलीच. त्या घरात बाप आणि लेक दोघंच.

आम्ही हसलो. पण मामाला त्यानंतर कशाचीच चव लागली नाही.

मग झोप गेली. मग डाव्या कानाने ऐकू येईना. डॉक्टर म्हणाले, वय झालं.

उजवा कान मात्र शाबूत होता. त्याच कानाने त्याने ते ऐकलं.

उन्हाळ्यात एक म्हातारा पाहुणा टकटक करून बाजूला झाला. बाकीचे पुढे गेले. मामा एकटाच कबरीला टेकून घाम पुसत होता.

आतून आवाज आला...

स्स्स... टप.

स्स्स... टप.

कोणीतरी दाराकडे येत होतं.

मामा छत्री तिथेच टाकून निघाला. दुसऱ्या दिवशी जाऊन ती आणली आणि फेऱ्या चालूच ठेवल्या. मला सांगितलं ते पुढे, सगळं हाताबाहेर गेल्यावर.

सप्टेंबरचा दुसरा रविवार. आमच्या मंडळाची मिरवणूक. नोएमी ट्रॉम्बोन वाजवायची, ते लांब सरकणारं पितळी वाद्य. पोरीचा दम असा, की दोन गल्ल्या पलीकडचे लोक सांगायचे, नोएमी आली. मी तिच्या शेजारूनच नाचत होते.

आणि वाजवता वाजवता ती थांबली.

तोंड उघडं. छाती हलेना. हातातून ट्रॉम्बोन रस्त्यावर पडला.

कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात घड्याळ होतं. पाऊण वाजला होता.

फुफ्फुसं ठणठणीत आहेत, डॉक्टर म्हणाले, पण श्वास का पुरत नाही ते समजत नाही. पोरगी नाकात नळी घालून घरी आली. उशीला टेकून बसायची. चार शब्द बोलायची आणि थांबायची. मामाने कामाला जाणं सोडलं. तिच्या पलंगाशी बसून प्रत्येक श्वास मोजायचा.

ऑक्टोबरमध्ये एक बाई घर विचारत आली. उत्तरेकडची, ओहायोची. बरोबर आठ-नऊ वर्षांचा मुलगा. मामाला बघून तिला रडू फुटलं.

"तुमचे उपकार कसे फेडू? याला जन्मापासून दमा. मी तुमच्या त्या कबरीवर टकटक केली, याचा श्वास मोकळा होऊ दे म्हटलं. त्याच क्षणी झाला हो. आता बघा कसा पळतो."

"कधी?" मामाने विचारलं.

"सप्टेंबरमध्ये. दुसरा रविवार. जेवायच्या आधी, साडेबारा-पाऊण असेल."

मागच्या खोलीतून नोएमीच्या नळीची सुरसुर ऐकू येत होती. मुलगा अंगणात धावत होता.

बाई गेल्यावर मामा उंबऱ्यावर बसला. मी तिथेच होते. मला म्हणाला, "फिलो, तुझी आई बोलली होती. तिचं अर्धंच बोलणं मी लोकांना सांगत राहिलो."

"अर्धं कुठलं?"

"मेलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही, हे अर्धं. पुढे ती म्हणाली होती, आणि त्याच्याजवळ स्वतःचं असतं काय? मागितलं की ते घरातलंच काढून देणार."

घरातलंच.

मार्चमध्ये एका माणसाने मामाच्याच समोर मागितलं होतं, तापात चव गेलीय, ती परत दे. मामाला आता त्याचा चेहराही आठवला.

दुसऱ्या दिवशी तो धावत दफनभूमीत गेला. कबरीपुढे दोन्ही हात पसरून उभा राहिला. दुसऱ्याच कोणाचा तरी घोळका समोर आला.

"हे खोटं आहे," मामा ओरडला. "मी बनवलंय. ही माझ्या बहिणीची कबर आहे. हात लावू नका, पाया पडतो."

लोकांनी चित्रफिती काढायला फोन उंच धरले.

मग त्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्यांचा वाटाड्या, कालचं पोरगं, हसून म्हणाला, "हे अल्सीडकाका. यांच्यासारखं नाटक आम्हाला नाही जमत." आणि बायामाणसं मामाच्या काखेखालून हात घालून भिंतीवर टकटक करायला लागली.

मामाने पाटी लावली. ती कोणीतरी आठवण म्हणून नेली. फादरांना मध्ये घातलं, त्यांनी प्रवचनात सांगितलं. पाहुणे काय प्रवचनाला येतात? मी म्हटलं, मामा, विटा पाडून टाकू. म्हणाला, "आणि ताईला कुठे ठेवू?"

खरं सांगते, मला तेव्हा त्याचा भयंकर राग आला होता. माझी आई मेल्यावरसुद्धा आत उठत-बसत होती, ती याच्या तोंडामुळे.

एक नोव्हेंबर हा आमच्याकडे मेलेल्यांचा दिवस. त्याआधी घराण्याच्या कबरीला चुना लावायचा असतो. एकतीस ऑक्टोबरला मी आणि मामा गेलो. ऊन कडक होतं. आजूबाजूला घरोघरची माणसं, कुंचले, बादल्या, शेवंतीची फुलं. सगळीकडे गप्पा चाललेल्या.

अर्धी भिंत झाली तेव्हा मामा म्हणाला, "फिलो, नळावरून पाणी आण."

बादलीत पाणी होतं. मला दिसत होतं.

तरी मी गेले. का गेले, ते आजही मला सांगता येत नाही.

चार पावलं गेले असेन...

टक. टक. टक.

मी वळले. मामा ओल्या चुन्याला कपाळ टेकून उभा होता.

"ताई, मीच आहे," तो म्हणाला. "पोरीचा श्वास परत दे. घरातलंच द्यायचं ना? माझा घे."

आतून आलं...

स्स्स... टप. स्स्स... टप.

मी माझ्या कानांनी ऐकलं. सावकाश आलं, आणि दाराशी येऊन थांबलं. बराच वेळ काहीच नाही. आई नाही म्हणायला बघत होती, असं मला वाटतं. तिला म्हणता आलं नाही.

माझा फोन वाजला. नोएमी.

"फिलोताई, मी नळी काढलीय. मला श्वास येतोय, अगदी पोटापासून." ती हसत होती, रडत होती, एकाही शब्दाला थांबत नव्हती. "बाबांना दे ना फोन. आधी बाबांना दे."

मामा भिंतीला टेकून खाली बसला होता. हातात कुंचला. कपाळाला चुना.

मी फोन त्याच्या कानाशी धरला. उजव्या कानाशी. दुसरं काय करायचं ते मला सुचलं नाही.

एक माणूस ठेवलं की वर्ष आणि एक दिवस खोली उघडत नाहीत. आईला जाऊन तेवढे दिवस केव्हाच उलटले होते, म्हणून मामाला ठेवायला खोली उघडता आली. आईची हाडं मागे सरकवायला जो माणूस आला होता, तो आत वाकला आणि तसाच राहिला.

"काय झालं?" मी विचारलं.

"बाई, माणूस ठेवतात आडवं," तो म्हणाला. "तुमची म्हातारी दाराशी आहे. सगळीच्या सगळी."

नोएमीने मामाजवळ त्याची पिवळी छत्री ठेवली. आमच्याकडे माणसाला पोचवून परतताना वाजतगाजत येतात; त्या मिरवणुकीत ती घरापर्यंत वाजवत आली, एकदाही न थांबता. लोक रडत होते आणि नाचत होते. मला वाटलं, फिटलं. मामाने आपलं दिलं, आता सुटलो.

गिलावा वाळायच्या आत लोक परत आले.

आता गोष्ट आणखी मोठी झालीय ना. लेकीसाठी जीव दिलेला बाप. वाटाडे ती डोळ्यांत पाणी आणून सांगतात. पूर्वी दिवसाला एक घोळका यायचा, आता सहा येतात. मी उभी राहून ओरडले. मलाही टाळ्या मिळाल्या.

मागच्या आठवड्यात मी कबरीला कान लावला.

कोणीतरी टकटक केली...

स्स्स... टप. आणि त्याच्या मागून, फरशीवर छत्रीचं टोक. टक... टक...

आता दोघं उठतात. आणि द्यायला घरात उरलो आम्ही दोघीच.

आज सकाळी मी कॉफी केली. आईसारखा पहिला घोट उंबऱ्यावर ओतला, दुसरा मी प्याले. गरम लागली. बाकी काहीच लागलं नाही. मी साखर घातली, मग आणखी घातली, मग चिमूटभर मीठ घालून पाहिलं.

मामा गेल्यापासून मी नोएमीकडेच राहते, पण तिला सांगितलेलं नाही. ती शेजारच्या खोलीत रविवारच्या मिरवणुकीची तयारी करतेय. ट्रॉम्बोन वाजतोय. मधे ती श्वास घ्यायला थांबते, तेव्हा माझाही हात थांबतो. पुन्हा सूर लागला की मी पुढची ओळ लिहिते.

तुम्ही कधी आमच्याकडे आलात तर या, बघा, मैदान बघा, चर्च बघा. फक्त हात खिशात ठेवा.

भिंतीवरच्या घड्याळात पाऊण वाजलाय.

नोएमी थांबलीय. आज जरा जास्तच वेळ थांबलीय.