बिघडलेलं काज

या, जरा जवळ सरकून बसा. टाळ घडीभर थांबवा. एक गोड गोष्ट सांगते, हरीच्याच दारात घडलेली.

बीबी गावात सुचिताचं शिलाईचं दुकान, आणि समोर ऋत्विकचं मोबाइल दुरुस्तीचं. या पोराचा नेम असा, की रोज काहीतरी नवं शिकल्याशिवाय रात्री ताटावर बसायचं नाही. कुणाकडून दोर वळायला शिकला, कुणाकडून शेव पाडायला. एकदा शिकलेलं मात्र पुन्हा कधी विचारायचा नाही. एका भुरभुरत्या पावसाच्या दुपारी तो सुचिताकडे आला आणि म्हणाला, सदऱ्याचं काज हातानं कसं करतात, दाखवता का?

तिनं दाखवलं, टोकाला आपली नेहमीची आडवी गाठ मारून. दुसऱ्या दिवशी तो परत हजर... काज बिघडलेलं. तिसऱ्या दिवशीही तेच. मग रोजच एक चिंधी, एक सुटलेला टाका, आणि सुईवरून हळूच तिच्या चेहऱ्यावर जाणारी नजर. सुचिता पार गोंधळली. गावभर हुशार म्हणवणारा गडी, एका काजापाशी एवढा ठोंब्या कसा? आणि त्याला यायला उशीर झाला, की आपला हात काऊन चालत नाही?

तशात वडिलांनी, अर्जुनरावांनी विचारलं, सुलतानपूरचे पाहुणे तुला पाहायला येतो म्हणतात, बोलावू का? संध्याकाळी सांगते, म्हणाली. हो की नाही, तिचं तिलाच उमजेना.

मंदिरात सप्ताह चालू होता. सप्ताह संपेस्तोवर वीणा खाली टेकू द्यायची नाही. एकानं गळ्यात घालून उभं राहायचं, दुसरा आला की एकमेकांच्या पाया पडून त्याच्या हाती द्यायची. त्या संध्याकाळी पाळी सुचिताची, आणि समोर वीणा घेऊन उभा ऋत्विक. अंगात नवा पांढरा सदरा. ती पाया पडून उठली, तर नजर थेट बटणांवर. काजं कशी दाट, एकसारखी... आणि टोकाला तिचीच ती आडवी गाठ.

"हे कोणं केले?"

वीणा टाकून पळताही येईना. "म्याच," तो पुटपुटला.

"मंग रोज बिघडवत काऊन होते?"

"शिकून झालं असतं, तर दुसऱ्या दिवशी कायच्या निमित्तानं आलो असतो?"

तिचे कान तापले. एवढ्या दिवसांचा गुंता, आणि दोरा असा एका ओढीत मोकळा.

"अन् सरळ बोलता येत नोतं?"

"तेवढं शिकवणारं कोणी भेटलं नाई. तुमी शिकवता काय?"

"हाव," ती म्हणाली. "पयला धडा बाबांपुढं. आताच — ते पाहुण्यांले बोलावण्याच्या आधी."

आता प्रश्न वीणेचा. मागे पुष्पाबाई उभ्या होत्या, सुचितानंतरची पाळी त्यांची. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी वीणा आपल्या गळ्यात घातली आणि दोघांना मानेनंच खुणावलं, जा.

पाहुणे आले नाहीत. लग्न झालं. ऋत्विक अजून रोज नवं काही शिकतो, आणि काज अधूनमधून बिघडवतो.

तर बापहो, या दोघांना विसरलात तरी चालेल. पण दुखऱ्या गुडघ्यांवर दोन पाळ्या एकटीनं उभी राहिलेली ती पुष्पाबाई... वीणा कानी आली, की तेवढी तिची याद ठेवजा.