फाटक्या कडांचं पान

भवानी पेठेतल्या त्या झेरॉक्सच्या दुकानात मी अल्बमचं पान दिलं होतं, ते फक्त रंगीत प्रत काढायला. हुबळीच्या मावशीला पाठवायची होती. दुकानात गर्दी होती आणि मला शाळेत पोचायचं होतं. "संध्याकाळी नेते," म्हणून मी नाव-नंबर देऊन निघून गेले.

संध्याकाळी दुकानदाराने पान माझ्यापुढे ठेवलं. मोठ्या कौतुकाने.

चारी कडा कटरने सरळ कापलेल्या. पानावर चिकटवलेल्या इरकली साडीच्या काठाचे लोंबणारे धागे छाटलेले. आणि वर कडक, चकचकीत लॅमिनेशन.

"लई फाटलं होतं की मॅडम," तो म्हणाला. "चहा पण सांडला होता. म्हटलं, एकदाच पक्कं करून टाकू. लॅमिनेशन माझ्याकडनं."

"तो चहा मी सांडला होता," मी म्हणाले. "मुद्दाम."

त्याने पान उलटसुलट करून बघितलं.

"आणि फाडलं?"

"तेही मीच."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

"बरं," तो म्हणाला आणि काउंटरपासून जरासा मागे सरकला.

मग मी त्याला वर्गात सांगावं तसं सांगायला लागले... की याला शॅबी शिक म्हणतात, नवा कागद चहात भिजवून, कडा फाडून जुना, झिजलेला दिसेल असा करायचा, त्यावर लेस, साडीचे तुकडे, फोटो लावायचे. "आणि हा फोटो ओरिजिनल आहे," मी म्हणाले. "माझ्या आईचा. ती गेली."

त्याच्या चेहऱ्यावरचं कौतुक एकदम उतरलं.

अव्वाच्या, म्हणजे आईच्या, बाकी सगळ्या फोटोंत ती ओठ मिटून उभी आहे, आधार कार्डावर असावी तशी. हा एकच फोटो वेगळा. गड्ड्याच्या जत्रेतल्या फोटोवाल्याकडे ती पुठ्ठ्याच्या चंद्रावर बसली आहे आणि तोंड उघडून हसते आहे. शेजारी अप्पा तिच्या चपला हातात घेऊन उभे. अव्वा गेल्यापासून अप्पांनी तिचा एकही फोटो पाहिला नव्हता. भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोखालून जाताना ते मान फिरवायचे. पहिल्या पुण्यस्मरणाला मी हा अल्बम त्यांच्या हातात देणार होते. त्यांनी एकदा तरी तिच्याकडे बघावं, एवढंच मला हवं होतं.

"दोन दिवस द्या," दुकानदार म्हणाला. "निघतंय का बघतो."

"हात लावू नका," मी म्हणाले आणि पान घेऊन बाहेर पडले. ऊन कलत आलं होतं तरी रस्ता तापलेलाच होता.

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. "मी सोमेश, झेरॉक्सवाला. एकदा या की दुकानात. रागवायचं असंल तर हितंच येऊन रागवा."

मी गेले. काउंटरवर लॅमिनेशन केलेले काही फोटो पडले होते. सगळे उसवल्यासारखे, चेहरे सोललेले.

"हा मी, बालवाडीतला," तो बोट ठेवत म्हणाला. "हा मैंदर्गीच्या शाळेतला ग्रुप. हा दादाच्या लग्नातला. इस्त्री लावून बघितली, हेअर ड्रायर लावून बघितला, ब्लेडनं बघितलं. फोटो प्लास्टिकसंगंच उपटून येतोय. तुमचा न्हाय निघणार. उगं आशा नको लावायला म्हणून बोलावलं."

"हे तुमचे ओरिजिनल फोटो होते?"

"मग? दुसऱ्याचे कसे फाडू?"

मी बालवाडीतला फोटो उचलला. चेहरा पुरता गेला होता. तेल लावून पाडलेला भांग आणि एक कान तेवढा शिल्लक होता.

"कान चांगला आलाय," मी म्हणाले.

"तेवढाच चांगला हाय माझा."

मला हसू आलं. ते इतकं अचानक आलं की मीच दचकले. तोही हसला, आणि मग आम्ही दोघंही उगाच लॅमिनेशनच्या मशीनकडे बघत राहिलो. गरम प्लास्टिकचा वास येत होता.

"हा कान मी नेऊ?"

"न्या की. एकच हाय, जपून."

त्यानंतर सोमेश माझ्यासाठी वस्तू जमवू लागला. चादरीच्या कारखान्यातून आलेल्या काठाच्या पट्ट्या, बहिणीच्या जुन्या परकराची लेस, न वाटलेल्या लग्नपत्रिकांचा जाड कागद. शाळा सुटली की मी दुकानात डोकवायची. शेजारच्या महादेवीमावशी आमच्या गच्चीवर वाळत घातलेले चहाचे कागद बघून म्हणाल्या, "नवा कागद चहात बुडवतीस, आणि जुनी माणसं हितं चहाची वाट बघतेत." तेव्हापासून मी त्यांनाही एक कप द्यायला लागले.

सोमेशला कडा फाडायला मीच शिकवलं. पट्टी हलकी धरायची, कागद आपल्याकडे ओढायचा, हात थोडा थरथरला तर थरथरू द्यायचा. पण त्याची कड सरळच यायची.

"तुमचा हात कापायला बसलाय," मी म्हणाले.

"तुमचा फाडायला. दुकान चालायचं न्हाय आपलं."

'आपलं' म्हटल्यावर त्याने जीभ चावली. मी पट्टी उचलून परत तिथेच ठेवली.

एकदा मी उशिरा, थकून आले. त्याने वर न बघताच कानडीत विचारलं, "ऊटा आय्ता?"

जेवलीस का, एवढंच. अव्वा रोज दुपारी शाळेत फोन करून हेच विचारायची, आणि मी वर्ग चालू आहे म्हणून फोन पटकन ठेवायची. वर्षभरात हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी नाही म्हणून मान हलवली. त्याने डबा पुढे सरकवला. कडक भाकरी आणि शेंगाचटणी होती. मी खाल्लं. त्या वेळी मी रडले, आणि तो पाठमोरा होऊन बराच वेळ कुणाच्या तरी मार्कलिस्टच्या प्रती काढत राहिला.

पुण्यस्मरणाच्या दिवशी पाहुणे गेल्यावर मी अल्बम अप्पांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी तो तसाच धरला. बोटं वरच्या वर.

"लई जुनं झालंय गं," ते म्हणाले. "हात लावला तर तुटंल."

"जुनं नाही अप्पा. मीच तसं केलंय."

"असू दे. नको." त्यांनी अल्बम परत दिला. एक पानही उलटलं नाही.

मग मी कपाटातून ते प्लास्टिकमधलं पान आणलं, जे अल्बममध्ये लावायची मला लाज वाटली होती.

अप्पांनी ते दोन्ही हातांत घट्ट धरलं. सदऱ्याच्या टोकाने पुसलं. डोळ्यांजवळ नेलं.

"चंद्र हलत होता म्हणून हसत होती," ते म्हणाले. "मीच हलवत होतो. पायानं."

त्यांनी ते पान चहाच्या कपाशेजारी उभं करून ठेवलं. चहा पिताना त्यावर थेंब उडाला. अप्पांनी तो अंगठ्याने पुसला आणि पुन्हा तिच्याकडे बघत बसले.

दुसऱ्या दिवशी मी सोमेशला हे सगळं सांगितलं. त्याने नुसतं डोळ्यांवरून मनगट फिरवलं.

मग मी अल्बमचं शेवटचं पान काउंटरवर ठेवलं. चहाच्या रंगाचा कागद, लेस, मधोमध भांग आणि एक कान. शेजारी रिकामी जागा.

तो वाकून बघत राहिला.

"ह्या घरच्या आठवणी हायत न्हवं?" त्याने हळूच विचारलं. "मग माझा कान हितं कसा?"

"तेच... विचारायला आलेय."

"काय?"

"राहू दे का तिथे?"

सोमेशने लॅमिनेशनच्या मशीनचं बटण दाबलं. लाल दिवा लागला. मग कसलासा विचार करून त्याने ते बंद केलं आणि पान उघडंच माझ्या हातात दिलं. त्याची बोटं माझ्या बोटांवर राहिली.

"राहू दे," तो म्हणाला. "अप्पांना भेटायला कधी येऊ?"

"रविवारी ये," मी म्हणाले. "आणि कटर दुकानातच ठेवून ये."