मलईची रेघ

"चहापाणी, खाऊ, मलिदा, मलई! लाचेच्या पैशांना सगळी खायचीच नावं!" ढब्बू म्हणाला. "आपले पूर्वज उपाशी होते की काय?"

"तुझ्यासारखे असतील!" चष्मिशनं टोला हाणला.

ताईच्या सुट्टीच्या वहीत शब्द होते, मूळ एकाचंही नव्हतं. म्हणून तिघं भावंडं सकाळीच मावशीबरोबर दूधकेंद्रावर आली. मलईचं मूळ इथं नाही तर कुठं!

मावशीला मात्र वेगळाच घोर होता. दोनदा तिचं दूध पातळ ठरलं होतं. आज तिसऱ्यांदा ठरलं, की केंद्र तिचं दूध घेणं कायमचं बंद करणार होतं. मग गाय विकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. गुरांच्या व्यापाऱ्याला घरी येऊन थांबायला सांगितलंच होतं.

तासाभरानं मापाड्यानं आत नेलेला कॅन बाहेर ढकलला. "पातळच! घेऊन जा."

"देवाची इच्छा," एवढंच म्हणून मावशी घरी वळली.

ताईनं झाकण उघडलं. "अरे! मी गळ्यापर्यंत भरला होता! मलईची रेघ बघा वर, आणि दूध चार बोटं खाली!"

तिघांनी मागच्या खिडकीतून डोकावलं. भिंतीवर लिहिलं होतं, 'आधी ढवळा, मग नमुना घ्या'. मापाडी ढवळत नव्हताच! दुसऱ्या कुणाचा तरी कॅन निवांत ठेवून, वर आलेली मलई डावानं स्वतःच्या बादलीत काढून, उरलेल्या दुधाचा नमुना घेत होता!

"चष्मिश, पळ! केंद्राच्या साहेबांना आण!" ताई म्हणाली.

इकडे ढब्बूनं दार अडवलं. "काका, वरच्या पैशाला मलई का म्हणतात हो?"

"मला काय माहीत!" मापाडी खेकसला. कोपरापर्यंत हात मलईनं माखलेला!

"मला कळलं," ताई हळूच म्हणाली. "शब्द कुठं जन्मला ते देव जाणे, पण असाच कुणीतरी कॅनपाशी उभा असणार."

तेवढ्यात साहेब आले. त्यांनी बादली पाहिली, रेघ पाहिली. मापाडी हात पुसायला फडकं शोधू लागला!

"शाबास, पोरांनो! मोठ्यांना जमलं नाही ते तुम्ही केलंत!"

सगळे धावतच घरी पोहोचले. गोठ्याचं दार सताड उघडं होतं. मावशी गाईची रिकामी जागा झाडत होती.

"मावशी, चूक आमची," साहेब म्हणाले. "उद्यापासून दूध खुशाल आणा."

"कुणाचं आणू, साहेब?"

साहेबांनी मान खाली घातली. मावशीनं तिघांना जवळ ओढलं.

"पोरं गुणाची आहेत हो माझी," ती म्हणाली आणि पुन्हा झाडू लागली.