दोन हेलिकॉप्टर, एक रिमोट

हर्षालीने रिमोटची दांडी वर सरकवली आणि टेबलावरचं तिचं तळहाताएवढं लाल हेलिकॉप्टर भुर्र करून उठलं. त्यात नवल काही नव्हतं. नवल हे, की चार खुर्च्या पलीकडे ठेवलेलं कुणाचं तरी निळं हेलिकॉप्टरही तस्संच उठलं.

तिने दांडी खाली केली. दोन्ही खाली. वर केली. दोन्ही वर.

"ओ बेन! शुं करो छो?" स्टेजच्या पडद्यामागून एक तरुण हातात वायर घेऊन धावत आला. "ए मारुं छे!"

"ने आ मारुं छे!" तिने लालकडे बोट दाखवलं.

"तो मारुं केम उडाडो छो?"

"हुं क्यां उडाडुं छुं? ए तो…"

तेवढ्यात दोन्ही हेलिकॉप्टर एकमेकांवर धडकून खुर्चीखाली गेली आणि त्या तरुणाच्या तोंडून निघून गेलं, "अरे माय वं!"

झालं! सुरतेत माणूस कितीही गुजराती झाडो, काही पडलं-फुटलं की तो थेट आपल्या गावाला पोचतो. हर्षालीला हसू आवरेना.

"खान्देशातले का तुम्ही?"

"म्हणजे… तुम्ही पण?" तो गुडघ्यावर बसल्या बसल्या वर बघत राहिला. "मग इतका वेळ आपण गुजराती कुणासाठी मारत होतो?"

त्याचं नाव कुंदन. त्या दिवसानंतर त्याने तिला एकदाही 'बेन' म्हटलं नाही. हर्षालीच्या ते पहिल्याच संध्याकाळी लक्षात आलं, पण मुली असल्या गोष्टी लक्षात आल्याचं दाखवत नाहीत.

तर भानगड अशी होती. हर्षालीची थोरली बहीण अश्विनी, तिचा साखरपुडा भूपेंद्रशी ठरला होता, उधन्यातल्या याच वाडीत. वाडी म्हणजे तिकडे लग्नाचा हॉल. कुणाच्या तरी साखरपुड्यात अंगठी हेलिकॉप्टरमधून आली, त्याचा व्हिडिओ दोन्ही घरांत फिरला आणि दोन्ही घरांना एकाच वेळी खुळ लागलं. मुलीकडून हर्षालीने खेळणं आणलं, मुलाकडून भूपेंद्रच्या या जिवलग मित्राने. दोघांनीही चौटा बाजारातून, तेही एकाच प्रकारचं. त्यामुळे एकाचं रिमोट दाबलं की दोन्ही उठायची.

"मग एकामागून एक उडवू," हर्षाली म्हणाली.

पण लग्नघरात इतकं सोपं काही असतं का? मुलाकडची अंगठी आधी यायला हवी, असं भूपेंद्रच्या काकांचं म्हणणं. ते ऐकून हर्षालीची आई शोभाबाई कमरेला पदर खोचून उभी राहिली. "का बरं? मनी पोर काय रस्तावर पडेल शे का?"

शेवटी मान दोन्हीकडचा राखायचा, तर अंगठ्या एकदमच यायला हव्यात असं ठरलं.

"मग एकच उपाय आहे," कुंदन गंभीर होऊन म्हणाला. "एकाच रिमोटवर दोन्ही उडवायची. डावी दांडी वर-खाली करते, ती माझ्याकडे. उजवी वळवते, ती तुमच्याकडे. रोज सराव करावा लागेल हां… बराच." आणि बॅटरीचं झाकण सैल वाटतं म्हणत त्याने दोन्ही रिमोटच्या पाठीला काळी चिकटपट्टी गुंडाळून टाकली. तो पलसाण्याच्या कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमध्ये इलेक्ट्रिशियन. त्याच्या शब्दावर शंका कोण घेणार?

रोज संध्याकाळी तो पलसाण्याहून यायचा. हर्षाली दिवसभर घरी साड्यांवर खडे चिकटवायची, ते उरकून वाडीत पोचायची. जराशा वाऱ्यानेही हेलिकॉप्टर भरकटतं म्हणून पंखे बंद करावे लागत. सुरतेचा उकाडा, घामाने निथळलेले दोघं, आणि एका रिमोटवर दोघांचे अंगठे. सरावापुरती हेलिकॉप्टरना सोन्याच्या अंगठीऐवजी जरीच्या दोऱ्याने शर्टाची बटणं बांधलेली.

"डावीकडे… डावीकडे घ्या ना!"

"घेतेय! तुम्ही उगाच वर चढवता."

"तुमचा हात अजिबात हलत नाही हो."

"खडे लावते ना. हात हलला की खडा वाकडा बसतो, मग साडी परत येते."

"माझा हलतोय," तो हळूच म्हणाला.

"का बरं?"

"…उकाडा आहे ना."

तिने मान खाली घातली. निळं हेलिकॉप्टर सरळ पडद्यात शिरलं.

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. एकदा लाल हेलिकॉप्टरचं पातं हर्षालीच्या वेणीत अडकलं. कुंदनने एकेक केस जपून सोडवला. एवढा वेळ लावला, की तेवढ्यात मिलमधली अख्खी मोटर खोलून बसवली असती. हर्षालीनेही 'आटप की' असं एकदाही म्हटलं नाही. आपण या माणसाच्या प्रेमात पडलो आहोत हे तिला तेव्हा स्वच्छ कळलं आणि त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

कारण घरात शोभाबाईचं निराळंच चाललं होतं. मांडव एकदाच पडेल, दोघी पोरी एकाच दिवशी उजवू, असा तिचा बेत. शिरपूरचा विकास म्हणून एक मुलगा होता. त्याच्या घरचे साखरपुड्याला जेवायला येणार होते आणि मुलगी पसंत पडली तर तिथेच त्याच्या आईच्या ओटीत नारळ घालून शब्द द्यायचा, असं शोभाबाईने ठरवलं होतं.

हर्षालीने हे कुंदनला सांगितलं. त्याने काहीतरी बोलावं म्हणूनच सांगितलं. त्याचा अंगठा दांडीवरच थबकला. दोन्ही हेलिकॉप्टर हळूहळू खाली उतरली.

"चांगलं आहे," तो म्हणाला. "शिरपूरला… घरबीर असेल त्यांचं."

बस, एवढंच! हर्षाली घरी आली आणि पहिल्यांदाच तिचे खडे वाकडे बसले.

साखरपुड्याच्या सकाळी ती दोन्ही हेलिकॉप्टरना अंगठ्यांचे दोरे बांधत होती. उकाड्याने तिच्या रिमोटवरची काळी पट्टी पघळून सरकली होती. नीट बसवायला म्हणून तिने ती उचलली. खाली झाकण घट्ट बसलेलं होतं. त्याच्या शेजारी एक चिमुकला खटका होता आणि त्यावर ए, बी, सी अशी अक्षरं. खटका 'ए'वर होता.

तिने तो 'बी'वर सरकवला, लाल हेलिकॉप्टर बंद करून पुन्हा सुरू केलं, दांडी वर केली. लाल उडालं. निळं जागचं हललंही नाही.

अख्ख्या मिलचं वायरिंग करणाऱ्या माणसाला हा खटका दिसला नाही? दिसला होता! दिसला म्हणूनच पट्टी मारली लबाडाने. तिला इतका आनंद झाला, की त्याचा कडकडून रागच आला. तिने खटका परत 'ए'वर आणला, लाल पुन्हा बंद-सुरू केलं आणि पट्टी होती तशी चिकटवून टाकली.

संध्याकाळी वाडी भरली. पंखे बंद झाले तशा बायका पदराने वारा घेऊ लागल्या. पुढच्या रांगेत विकाससकट शिरपूरचे पाहुणे, त्यांच्या मागे नारळ घेऊन शोभाबाई. अश्विनी आणि भूपेंद्र स्टेजवर हात पुढे करून उभे. बाजूला एका रिमोटवर दोघांचे अंगठे.

"ही पट्टी कशाला लावलीस?" हर्षालीने समोर बघतच विचारलं.

"झाकण…"

"झाकण घट्ट आहे. खटका पाहिला मी."

दोन्ही हेलिकॉप्टर उठली, आणि कुंदनच्या हाताबरोबर थरथरली.

"पहिल्या दिवशीच सांगितलं असतं," तो पुटपुटला, "तर दुसऱ्या दिवशी कुठल्या तोंडाने आलो असतो?"

"मग शिरपूरचं ऐकून 'चांगलं आहे' का म्हणालास?"

"मी कोसाडला भाड्याच्या खोलीत राहतो, हर्षाली. तुझ्या मम्मीला काय सांगणार होतो?"

"मी खोलीचं विचारलं होतं का?" तिचा हात जराही हलला नाही. "मला तू हवायस. आता बोलणार आहेस, की मीच बोलू?"

तो काही बोलायच्या आत लोकांनी टाळ्या वाजवल्या. लाल भूपेंद्रच्या तळहातावर उतरलं होतं, निळं अश्विनीच्या. दोन्ही अगदी एकदम. काका खूश, मान राहिला. कुणीतरी पंखे लावले आणि शोभाबाई नारळ घेऊन शिरपूरच्या बाईंकडे वळली. बाईंनी पदर पुढे केला.

"मम्मी, थांब!" हर्षाली ओरडली.

"काय व्हयनं?"

अख्खी वाडी वळून बघू लागली. आणि मग कुंदन पुढे झाला. हातात रिमोट तसंच, कपाळावर घाम.

"मावशी, तो नारळ… देऊ नका. मला हर्षालीशी लग्न करायचंय. कोसाडला भाड्याने राहतो, पगार बरा आहे. आणि सरावाची काही गरज नव्हती, मी खोटं बोललो."

शिरपूरच्या बाईंनी पदर आवरला आणि फुरंगटून पंख्याखाली जाऊन बसल्या. विकासने मात्र सुटकेचा निःश्वास टाकला आणि मोबाइल काढला. शोभाबाईने आधी कुंदनकडे पाहिलं, मग लेकीकडे. लेक रडत होती आणि हसतही होती.

"तुले पसंत शे का हाऊ?"

हर्षालीने मान हलवली, जोरजोरात.

"मंग इतला दिन तोंडमां काय गूळ धरेल व्हता का तुम्ही दोन्हीसनी?" शोभाबाई कडाडली आणि कुंदनकडे वळली. "तुनी माय कोठे शे?"

"घरी… कोसाडला."

"बलाव मंग तिले! नारय काय मी हातमा धरीसन बसू?"

कुंदनने रिमोट काखेत मारून फोन लावला.

"माय? लुगडं बदल, रिक्षा कर, आन उधनाले ये… हां, साखरपुडालेच… नही वं, भूपेंद्रना नही. मना!"